चौकातल्या फ्लेमिंगोच्या पुतळ्यास खुले पत्र

मा. फ्लेमिंगो पुतळा,
पाम बीच रस्ता, नवी मुंबई यांस,

स.न.वि.वि.

आपण या शहराचे आदर्श पक्षी आहात, त्याबद्दल अभिनंदन. नवी मुंबई स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवते, यात आपला वाटा मोठा. आपल्याला चिखल लागत नाही, शैवाल लागत नाही. अधूनमधून गुलाबी रंगाचा एक हात मारला की भागते.

आपले जिवंत भाऊबंद मात्र फार अडचणीचे. त्यांना 2015 साली ठाणे खाडीत अभयारण्य दिले, 2022 मध्ये ते आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही गेले. तरी समाधान नाही! ओहोटीला खाडीच्या चिखलात चोच उलटी घालून खातात, आणि भरतीने चिखल बुडाला की थेट सीवूड्सच्या डीपीएस तलावावर, नाहीतर एनआरआय वसाहत आणि टी. एस. चाणक्य संस्थेजवळच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. तिथेही त्यांना उथळ पाणी हवे, आणि ते भरतीबरोबर आत-बाहेर करणारे. 2024 साली डीपीएस तलावाकडे येणारे भरतीचे पाणी अडले, तलाव सुकला. भरकटलेले पक्षी रस्त्यांवर उतरले, काही मेले.

शिवाय कागदपत्रांच्या नावाने शंख. शहराच्या विकास आराखड्यात जमिनीचा वापर बदलायचा, म्हणजे नकाशात तिला रहिवासाचा पिवळा रंग द्यायचा, तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली सूचना निघते आणि हरकतींसाठी महिना मिळतो. आजवर एकाही फ्लेमिंगोने लेखी हरकत दिलेली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर निघून जाणाऱ्याने रहिवासाचा दाखला तरी कुठून आणायचा? हरकत घेतली ती माणसांनी. एनआरआय-चाणक्यच्या पाणथळींवर गोल्फ कोर्स आणि घरे उठवण्याची मुभा मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये रद्द केली. पुढे भांडण सर्वोच्च न्यायालयात गेले.

पाणथळ बुजवली म्हणून पक्षी नाहीसे होत नाहीत, हे बुजवणाऱ्यांच्या लक्षात येत नसावे. उतरायला जागा शोधत ते शहरावर घिरट्या घालतात, आणि आता शेजारीच विमानतळ आहे. मे 2024 मध्ये मुंबईच्या घाटकोपरला विमानाच्या धडकेत 39 फ्लेमिंगो मेले. (आपण उडत नाही, हा आपला आणखी एक गुण.)

एप्रिल 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाची 30 एकर जागा संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. लोकांनी वर्षानुवर्षे लावून धरले, म्हणून हे झाले. बाकीच्या पाणथळी अजून रामभरोसे आहेत.

तेव्हा एक विनंती. या पाणथळींवर पिवळा रंग चढवणारी सूचना निघाली, तर आपल्याला सही करता येणार नाही. पण आपल्याबरोबर सेल्फी काढायला येणाऱ्यांना येते. त्यांना एवढे सांगा: हरकत साध्या कागदावर लिहिता येते. मुदत एक महिना.

आपला,
पिवळ्या विभागातला एक रहिवासी