छेल्लो भाव, साहेब!

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात मीटरमागे १० पैशांवरून सौदा फिसकटतो. दोन्ही बाजू चहा पितात, कॅल्क्युलेटर एकमेकांकडे सरकवतात, रागाने उठतात, पुन्हा बसतात. १० पैसे म्हणजे १० पैसे.

हाच माणूस रविवारी सहकुटुंब उधना-मगदल्ला रोडवर गाडी घ्यायला जातो. ८-१० लाखांच्या कागदावर सही ठोकतो आणि बाहेर पडताना बायकोला सांगतो, "१५ हजार तोडले!"

तोडले खरे. कोणी कोणाचे, ते कागदावर लिहिलंय.

पण कागद वाचायचा कधी? हॉल थंडगार, हातात कोल्ड कॉफी, पोरगं केव्हाच स्टिअरिंगला चिकटलेलं. वर एक्स-शोरूमचा आकडा. त्याखाली आरटीओ, विमा, फास्टॅग, एक्स्टेंडेड वॉरंटी, अ‍ॅक्सेसरी किट, हँडलिंग. घासाघीस होते ती फक्त वरच्या आकड्यावर. विकणारा तिथे थोडा कण्हतो, "मॅनेजरसाहेबांना विचारून येतो" म्हणतो आणि १५ हजार सोडतो. खालच्या ओळी तशाच राहतात.

तो आत जाऊन मॅनेजरला काय विचारतो? जेवायला कधी जायचं ते.

'हँडलिंग' नावाचा कुठलाही सरकारी कर नाही. गाडी दुकानापर्यंत आणायचा खर्च दुकानदाराचा, एवढं तरी रिंग रोडवर कळतं ना? "हे कसले?" असं विचारलं की ती ओळ बहुतेक वेळा मुकाट्याने खोडली जाते. न विचारणाऱ्याच्या बिलात ती राहते. लाजेवरचा कर म्हणा हवं तर.

विम्याचंही तेच. नव्या मोटारीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून एकदमच काढावा लागतो आणि त्याचा दर ठरलेला असतो. फरक पडतो तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि तो कुठून घ्यायचा हे ग्राहकाने ठरवायचं असतं. मग समोरून हळूच येतं, "बाहेरून घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही हं, काका." कॅशलेस ठरतं विमा कंपनी आणि गॅरेज यांच्या करारावर. काका मात्र ठरवतात 'हं' ऐकून.

१० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस आकारला जातो. तो प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो. मिळतो म्हणजे, मागणाऱ्याला.

आणि गाववाला! उधना, लिंबायत, डिंडोली इथे निम्मं खानदेश नांदतं, हे शोरूमवाल्यांना आपल्याआधी कळलं. "दादा, तुम्ही अमळनेरचे? मी पारोळ्याचा!" झालं. आता घासाघीस करायची म्हणजे गावाची अब्रू घालवायची. भरिताचा विषय निघतो, कोण कोणाचा कोण लागतो ते निघतं, आणि विम्याची ओळ भरिताखाली गडप.

भावापेक्षाही धोकादायक प्रश्न एकच. "हप्ता किती जमेल?"

या प्रश्नाला ज्याने उत्तर दिलं, त्याने किंमत विचारायचं सोडलं. ८ लाखांचं कर्ज, दर साडेनऊ टक्के. ५ वर्षांना हप्ता १६,८०० च्या आसपास. ७ वर्षांना १३,१०० च्या आत. महिन्याला साधारण ३,७०० वाचले म्हणून घरात आनंदीआनंद. एकूण व्याज मात्र सुमारे ९० हजारांनी वाढलं. १५ हजार तोडल्याचे पेढे अजून संपलेले नसतात.

आता तुम्ही म्हणाल, डीलर बदमाश. थांबा. कधीकधी डीलरला सूट द्यायची असते आणि देता येत नाही.

ही थट्टा नाही, निकाल आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड केला. कारण काय? ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सूट डीलरने देऊ नये, यासाठी कंपनीने आखलेलं धोरण. प्रकरण सुरू झालं एका निनावी ईमेलने. पाठवणारा स्वतःला डीलर म्हणवत होता आणि तक्रार होती मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोव्याच्या पट्ट्याबद्दल. म्हणजे आपल्याच अंगणातली.

धोरण पाळलं जातंय का हे बघायला, आयोगाच्या म्हणण्यानुसार, खोटी गिऱ्हाइकं पाठवली जात. गिऱ्हाईक यायचं, भाव करायचं, जास्तीची सूट मागायचं. विकणाऱ्या पोराने जीव तोडून विक्री करावी, थोडी ढील द्यावी, आणि समोरचा निघावा कंपनीच्या एजन्सीचा माणूस! मग दंड. डीलरला दंड, मॅनेजरला दंड, विकणाऱ्या पोरालाही दंड. फुकटच्या भेटवस्तूसुद्धा जास्तीच्या सुटीत धरलेल्या.

कंपनीला हे मान्य नव्हतं, तिने अपील केलं, अपिलात दंडाला स्थगितीही मिळाली. ते वकील बघून घेतील. आपल्यापुरतं एवढंच, की तुम्ही एकाच ब्रँडच्या तीन शोरूममध्ये फिरून "सगळीकडे सारखाच भाव, म्हणजे वाजवी असणार" असं म्हणत होतात ना?

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. छोटी म्हणजे किती? पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५००, आणि लांबी ४ मीटरच्या आत. त्यापुढे ४० टक्के. बंपर बोटभर पुढे आला तर कर दुपटीच्या वर. देशात मोटारींचं डिझाइन कोण करतं, हा प्रश्न आता सुटला असावा.

कर उतरला, पेपरात पानभर जाहिराती आल्या, सगळे धावले. धावणाऱ्याला सूट कशाला द्यायची?

सूट हवी तर कोणी धावत नसेल तेव्हा जावं. गुजरातेत डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत कमुरतां. शुभकार्य नाही, नवी खरेदी नाही. आपल्याकडे पितृपंधरवडा. शोरूममध्ये माशा मारायला माणसं नेमावी लागतात अशी परिस्थिती. कमुरतांत तर डिसेंबरअखेर, म्हणजे गोदामातली गाडी आठवड्याभरात 'गेल्या सालची' होणार. डीलरच्या डोक्यावर साठा, साहेबाच्या डोक्यावर टार्गेट, आणि गिऱ्हाईक घरी पंचांग उघडून बसलेलं.

हा धंद्यातला सगळ्यात स्वस्त मुहूर्त. म्हणूनच कोणी पाळत नाही.

धनत्रयोदशीला मात्र रांग. हार, नारळ, आणि पुठ्ठ्याची ती हातभर लांब किल्ली धरून फोटो. त्या दिवशी भाव करणाऱ्याकडे घरचेच डोळे वटारून बघतात. "आजच्या दिवशी कटकट नको." कटकट नको असेल तर पूर्ण भाव भरायचा, हे लक्ष्मीला चालतं का? विकणाऱ्याच्या लक्ष्मीला फार चालतं.

सुरत म्हटलं की सगळ्यांना आठवतो तो दिवाळीचा बोनस. हरि कृष्ण एक्स्पोर्ट्सच्या सावजी ढोलकियांनी २०१४ मध्ये ४९१ गाड्या वाटल्या, २०१६ मध्ये १,२६० जाहीर केल्या, २०१८ मध्ये ६००. तेव्हापासून देशभरातले नोकरदार आपापल्या मालकाकडे सोनपापडीचा डबा हातात धरून बघतात.

माझी शंका वेगळी. २०१४ च्या गाड्या फियाट पुंटो होत्या. नंतरच्या खेपेत डॅटसन रेडी-गो आल्या. फियाटने भारतात आपल्या नावाची गाडी विकणं थांबवलं. डॅटसनने २०२२ मध्ये गाशा गुंडाळला. मिळाली तेव्हा भाव विचारायची गरज नव्हती, विकायला काढली तेव्हा भाव विचारायला कोणी आलं असेल का? नवी घेताना आपण रंग बघतो, सनरूफ बघतो. ही कंपनी पाच वर्षांनी इथे असेल का, हे बघायला कोण शिकवणार? फुकटची गाडी असली तरी सुटे भाग फुकट मिळत नाहीत.

तर वळा जुन्या बाजाराकडे. इथे प्रत्येक गाडी 'डॉक्टरांची'. सिंगल हँड, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, फक्त दवाखाना ते घर. एवढे डॉक्टर सुरतेत असतील तर शहर आजारी का पडतं?

मीटर ४२ हजार किलोमीटर दाखवतं. ब्रेक पेडलचं रबर मात्र दीड लाखाचं झिजलंय. मीटर मागे फिरवता येतं, रबर नाही. टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी २०२१ ची, चारही टायर २०२४ चे, आणि चालली म्हणे ४२ हजार? डॉक्टर रुग्णांना खांद्यावर घेऊन धावत होते वाटतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोंदी असतात, त्या मालकाला सोबत घेऊन मागाव्यात. मालक "कशाला तेवढं" म्हणाला, तर तेवढ्यासाठीच.

आणि पाणी. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीने सुरत बुडवली. लिंबायतला मिठी खाडी पावसाळ्यात आजही रस्त्यावर येते. बुडालेली गाडी धुतली, पुसली, अत्तर फवारलं की पुन्हा 'डॉक्टरांची' होते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गालिचा उचलून नाक लावा, सीटखालच्या रुळांवर गंज आहे का बघा. बिचारा विकणारा ओशाळेल. ओशाळू द्या.

"जीएसटी पडतो, साहेब" हा जुन्या गाडीवाल्याचा नवा मंत्र. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के ठरले, तेव्हापासूनचा. पण हे १८ टक्के नोंदणीकृत धंदेवाल्याने कमावलेल्या फरकावर. त्याने ४ लाख ६० हजाराला घेतली, ५ लाखाला विकली, तर कर ४० हजारांवर, म्हणजे ७,२००. त्याच्या तोंडचा '१८ टक्के' मात्र ५ लाखांवर चढून बसतो. तुम्ही-आम्ही एकमेकांना घरची गाडी विकली तर तोही नाही.

विम्याच्या कागदावर आयडीव्ही नावाचा आकडा असतो, गाडीची विम्यापुरती धरलेली किंमत. पाचव्या वर्षात तो मूळ किमतीच्या निम्म्यावर उतरतो. तुम्ही जुनी गाडी एक्स्चेंजला दिलीत की शोरूमवाला बोट ठेवून तो आकडा दाखवतो. तीच गाडी महिन्याभराने तो विकायला काढतो, तेव्हा तो कागद फाइलमध्ये मागे गेलेला असतो.

आता खानदेशचा खास सौदा. गुजरातचा रोड टॅक्स ६ टक्के. महाराष्ट्राचा, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर, ११. म्हणजे ८ लाखांवर ४८ हजार की ८८ हजार? नंदुरबारच्या भाच्याला लगेच सुरतेच्या मामाचा पत्ता आठवतो. इतर वेळी दिवाळीला फोन नसतो.

जीजे ०५ ची गाडी नवापूर ओलांडून येते. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. आरटीओ मात्र अर्धं-अर्धं मानत नाही. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांवर गाडी ठेवली की नव्याने नोंदणी. त्यासाठी सुरतेची एनओसी, इथला कर, आणि तिथला उरलेला कर परत मागायला पुन्हा सुरतेच्या खिडकीपाशी. वाचवलेले ४० हजार अशा फेऱ्यांत किती उरतात? एमएच ३९ च्या रस्त्यावर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या जीजे ०५ बघा. त्यांच्या मालकांनी हिशेब केलाय. हवालदारानेही केलाय.

घरची गाडी विकणाऱ्यांनी फार हसू नये. सुरतेतून गाडी मेहुण्याला दिली, पैसे जीपेवर आले, कागद 'घरचाच माणूस आहे' म्हणून राहिले. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात सरळ सांगितलं: अपघात झाला तर भरपाईला जबाबदार तो, ज्याचं नाव नोंदणीत आहे. मधे गाडी कितीही हातांतून गेलेली असो.

धंदेवाल्याला गाडी दिलीत तर एप्रिल २०२३ पासून वेगळा नियम आहे. अधिकृत डीलर असेल आणि गाडी दिल्याची नोंद पोर्टलवर झाली असेल, तर जबाबदारी त्याची. "तुमचा अधिकृत परवाना दाखवा" म्हटल्यावर किती जण ड्रॉवर उघडतात ते बघा. बरेचसे चहा मागवतात.

मेहुण्याकडे तर परवान्याचा प्रश्नच नाही. आरसीवर नाव तुमचं, ई-चलान तुमच्या मोबाइलवर, त्यात शिरपूरच्या नाक्यावरचा फोटो. फोन केला तर मेहुणे म्हणतात, "ती गाडी? ती तर मी केव्हाच विकली."