किलोमीटरमागे वीतभर उतार

नदी उताराकडे वाहते. तेव्हा ती जाते त्याच दिशेनं काठाकाठानं सायकल सोडली की आपणही घरंगळत समुद्राला जाऊन मिळणार, असा एक भोळा समज चाळिशी ओलांडलेल्या सायकलवाल्यांत असतो. फ्रान्समधल्या ‘ल्वार आ व्हेलो’ या सायकलमार्गाच्या लोकप्रियतेत या समजाचा मोठा वाटा असावा. नव्हेर शहराजवळच्या कफी गावापासून थेट अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या सँ-ब्रव्हँपर्यंत सुमारे 900 किलोमीटर, आणि सोबतीला ल्वार, फ्रान्समधली सर्वांत लांब नदी. माझ्या मेव्हण्यानं तासगावात बसून मोबाइलवर नकाशा पाहिला आणि निकाल देऊन टाकला, “दाजी, सगळा उतार आहे. पायडल मारायचं कामच नाही.”

हा उतार किती, ते एकदा बघून टाकू. कफीपाशी नदी समुद्रसपाटीपासून 170 मीटरच्या आसपास. त्याला 900 किलोमीटरनं भागा. किलोमीटरमागे जेमतेम वीतभर उतार येतो. एवढ्या उतारावर गोटी ठेवली तर तीही दोन मिनिटं विचार करेल. वारा मात्र विचार करत नाही. तो बहुतेक दिवस अटलांटिकवरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि समुद्राकडे निघालेल्या माणसाच्या तोंडावर बसतो. हाच रस्ता पूर्वेला ‘युरोव्हेलो 6’ नावानं पार काळ्या समुद्रापर्यंत जातो आणि जाणकार तो पश्चिमेकडून पूर्वेकडे करा म्हणून सांगतात. पण उतार नकाशावर दिसतो, वारा दिसत नाही. त्यामुळे ब्ल्वापासून सोम्यूरपर्यंतचा मधला टप्पा आम्ही रीतसर वाऱ्याच्या विरोधात केला. मेव्हणा पहिल्या दिवशी दुपारपर्यंत “उतार आता लागेल” म्हणत होता. नंतर तो विषय घरात कुणी काढला नाही.

रस्त्यांविषयी मात्र तक्रारीला जागा नाही. गावाबाहेर सायकलवाल्याला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असा तिथला कायदा आहे, आणि लोक तो पाळतात, ही त्यातली धक्कादायक बाब. सांगली-मिरज रस्त्यावर तयार झालेल्या कानाला याचा फार त्रास होतो. मागून हॉर्न नाही म्हणजे मागे कुणी नाही, असा आमचा हिशेब. एकदा आम्ही तिघं शेजारी-शेजारी गप्पा मारत चाललो होतो. पुष्कळ वेळानं बायकोनं सहज मागे पाहिलं, तर एक ट्रॅक्टर, दोन मोटारी आणि पावाची एक गाडी निमूटपणे आमच्या मागून येत होती. आम्ही कडेला झालो, तर ट्रॅक्टरवाल्यानं वर हात करून आभार मानले. मेव्हणा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजारी असतील.”

मार्गाचा बराच भाग नदीच्या बांधावरून जातो. पुराला आवर घालण्यासाठी इथे बाराव्या शतकापासून मातीचे बांध घालत आले आणि दर पिढीनं ते आणखी उंच केले. वरून सायकल चालवताना एका हाताला पात्र, दुसऱ्या हाताला खोलगट शेतं आणि स्लेटच्या छपरांची गावं. उन्हाळ्यात नदी अशी काही दीनवाणी होते की तिच्यापासून कुणाचं रक्षण करायचं, असा प्रश्न पडावा. वाळूची बेटं, त्यावर पक्षी, मधूनच पाण्याच्या दोन-चार धारा. पण गावात उतरलात की घरांच्या दगडी भिंतींवर कोरलेल्या आडव्या रेघा दिसतात, शेजारी साल. 1846, 1856, 1866. दर दहा वर्षांनी, जणू जनगणनाच. 1856 साली तर बांध ठिकठिकाणी फुटले.

मी सांगलीचा. आम्हाला किल्ले, चर्च, चित्रं यातलं कमी कळतं, पण भिंतीवरची पुराची रेघ दिसली की आमच्यातला तज्ज्ञ जागा होतो. मी सायकल स्टँडवर लावली, 1856च्या रेघेला खांदा भिडवून उभा राहिलो आणि 2019 साली आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, हे मोठ्यानं जाहीर केलं. त्या घराच्या खिडकीतून एक आजीबाई बघत होत्या. बायकोनं लग्नाआधी पुण्यात फ्रेंचचे क्लास केले होते, तिनं भाषांतर केलं. आजीबाईंनी फूट म्हणजे काय ते विचारून घेतलं, मनाशी हिशेब केला आणि मान्यतेची मान हलवली. या प्रवासात कुणाकडून मिळालेला सगळ्यात खरा आदर तो.

शांबोरचा महाल पाहिला. पाहावाच लागतो. फ्रान्स्वा पहिला या राजानं 1519 मध्ये शिकारीसाठी म्हणून तो बांधायला काढला. 282 शेकोट्या, भोवती 32 किलोमीटरचा तट, आणि मध्यभागी एकमेकांभोवती पीळ घालणारे दोन जिने. एकानं चढणाऱ्याला दुसऱ्यानं उतरणारा दिसतो, पण भेटत नाही. एवढा खटाटोप करून महाराज आपल्या अख्ख्या कारकिर्दीत तिथे राहिले ते मोजके आठवडे. सह्याद्रीतले गड चढून गुडघे झिजवलेल्या मेव्हण्याला मात्र सपाटीवर, वाहनतळाच्या शेजारी उभा असलेला हा प्रकार पटेना. “शत्रू आला तर?” तो म्हणाला. मी म्हटलं, तिकीट काढेल.

खरा मुक्काम पुढे झाला. अँब्वाज सोडलं की रस्ता मोंत्लुईच्या टेकाडावर चढतो (नदीकाठचा रस्ता नदीकाठानंच जातो, हा आणखी एक गैरसमज) आणि द्राक्षमळे सुरू होतात. तासगावच्या बागायतदाराला द्राक्षमळ्यावरून सायकलनं नेणं म्हणजे पैलवानाला तालमीवरून नेण्यासारखं आहे. त्यानं सायकल गवतात आडवी टाकली आणि ओळीत शिरला. मांडव नाही, वाय आकाराचे अँगल नाहीत. तारेवर बांधलेली, कमरेएवढी ठेंगणी झाडं. त्यानं एक पान उलटं करून डाऊनी रोग आहे का पाहिलं, अंगठ्यानं खोड दाबलं, ओलांड्यावरचे डोळे मोजले. जात शेनँ ब्लां, आपल्याकडे नाशकात वाईनसाठी लावतात तीच. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात. “एकदाच?” त्याचा चेहरा उजळला. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांच्यामध्ये ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हे सुट्टीवरच्या माणसाचं शेत वाटणारच.

मग त्याला ओळीत, जमिनीवर हिरवे घड पडलेले दिसले. चांगले, निरोगी, कात्रीनं कापून टाकलेले. विरळणी त्यालाही करावी लागते, पण इतकी? बायकोनं मळ्यातल्या माणसाला विचारलं आणि उत्तर ऐकून तीच दोनदा “काय?” म्हणाली. इथे नावाजलेल्या वाईनसाठी हेक्टरी उत्पादनाला कायद्यानंच मर्यादा असते. त्यापेक्षा जास्त पिकलं तर त्या नावानं विकता येत नाही. मेव्हणा मटकन बांधावर बसला. गारपीट, अवकाळी, दलाल, बँकेचा हप्ता, सगळं त्यानं पाहिलं होतं. जास्त पिकलं म्हणून अडचणीत येणारा शेतकरी त्यानं पहिल्यांदाच पाहिला.

या भागात दुपारी बारा ते दोन जेवणाची वेळ, आणि तेव्हा बाकीचं जग बंद. पावाचं दुकान, किराणा, सगळ्यांची शटरं खाली. सव्वादोनला हॉटेलात शिरलात तर खुर्च्या टेबलावर चढलेल्या असतात आणि मालक तुमच्याकडे करुणेनं बघतो. पाण्याची बाटली भरायलाही दार उघडं नाही. तिथले सायकलवाले याला एक जुना तोडगा सांगतात: गावचं कब्रस्तान. फुलांना घालायला तिथे नळ असतो. पिण्यालायक नसेल तर तशी पाटी असते, तेवढी वाचायची. मेव्हण्यानं बाटली पुढे केली, तशी बायको फाटकातच थांबली. “अहो, मसणातलं पाणी पिणार तुम्ही?” मी म्हटलं, फ्रेंच आहे, चालतं. ती तशीच तहानलेली पुढच्या गावापर्यंत आली आणि तिथे नळ सापडला तोही कब्रस्तानातच.

सोम्यूर जवळ आलं की डाव्या हाताला पांढऱ्या, मऊ चुनखडीचे कडे लागतात. हाच दगड काढून त्यांनी महाल बांधले आणि उरलेल्या पोकळीत माणसं राहिली, मग अळिंबी वाढली, आता हॉटेलं आहेत. सूझे-शांपिन्यी गावात तर सायकलमार्ग चक्क डोंगराच्या पोटातल्या जुन्या गल्लीतून जातो. बाहेर ऊन, आत चेहऱ्यावर ओला गारवा. अशाच एका गुहेतल्या खाणावळीत लाकडाच्या भट्टीतून फुए येतात. तळहाताएवढे, टम्म फुगलेले पाव. फोडून आत पांढऱ्या घेवड्याची उसळ नाहीतर बकरीच्या दुधाचं चीज भरायचं. शाकाहारी बायकोनं आल्यापासून पहिल्यांदाच पुन्हा वाढून घेतलं.

मेव्हण्याच्या खिशात वाटेत खायला म्हणून बेदाण्याची पुडी होती. त्यानं चार बेदाणे चीजवर टाकून भट्टीवरच्या बाईंपुढे धरले. त्यांनी चावून पाहिले, डोळे मिटले, आणखी मागितले. बायकोला म्हणाल्या, आमचाही मळा आहे. मग पदराला नव्हे पण एप्रनला हात पुसत व्यवहाराचा प्रश्न विचारला, यांच्याकडे हेक्टरी किती निघतं?

मेव्हणा नेहमी हा आकडा छाती फुगवून सांगतो, लग्नात, मयतीला, कुठेही. आता त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून म्हणाला, “ताई, एकरी चारच टन सांग. परक्या मुलखात उगाच केस नको.”