अर्धशिशी आणि अळणी कालवण

संजीवनीसाठी अवघा पर्वत उचलून नेणाऱ्या मारुतीरायाच्या तळहातावरून ज्याचा एक तुकडा निसटला अशी आख्यायिका आहे, त्या द्रोणागिरीच्या पायथ्याशी, उरण तालुक्यातील करंजात, राहूनही माझ्या मस्तकाच्या डाव्या प्रांतावर अर्धशिशीचा अंमल वर्षानुवर्षे निर्वेध चालू होता. सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा परंपरागत उपचार मी, रोगनाशाच्या आशेपेक्षा जिलबीवरील निष्ठेने, दीर्घकाळ चालविला. पण रेवसकडे जाणाऱ्या लाँचची घरघर आणि धक्क्यावरचे डोळे दिपविणारे ऊन यांच्यापुढे तिची मात्रा चालली नाही.

अखेर पनवेलच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, तो निष्कलंक असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्याच हाताने रक्तदाबाची गोळी लिहून दिली! एका खात्याचा कारकून दुसऱ्या खात्यात तैनात करावा तसा हा प्रकार पाहून मी चकित झालो, तेव्हा त्यांनी त्या गोळीचा, म्हणजे प्रोप्रानोलोलचा, पूर्वेतिहास सांगितला: जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हे औषध सिद्ध केले ते हृदयशूळासाठी; १९६६ च्या सुमारास ते घेणाऱ्या एका हृदयरुग्णाची अर्धशिशीच हटल्याचे ध्यानात आले; १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिकही मिळाले. मात्र डोके दुखू लागल्यावर घेण्याची ही गोळी नव्हे. दुखू नये म्हणून नित्य घ्यावयाची, गुणासाठी कित्येक आठवडे धीर धरावयाचा, दमेकऱ्याने तिच्या वाटेस जावयाचे नाही, आणि लहर आली म्हणून ती एकाएकी सोडावयाची नाही, अशी कलमेही त्यांनी बजावली.

गुण आला, परंतु घरात 'बीपीची गोळी' एवढेच शब्द पोचले आणि माझ्या पानातील मिठावर तत्काळ जप्ती आली. ज्या उरण तालुक्याची मिठागरे प्रसिद्ध, तेथे मी अळणी कालवण गिळू लागलो. दारातल्या वलांडीवर बोंबील वाळत, आणि सुकटीच्या नुसत्या वासाचीही मला मनाई! एक लाभ तेवढा झाला. धक्क्यावरच्या वादात माझा आवाज किंचित चढताच समोरचा गडी "जाऊं दे, दादांना प्रेशर हाय" म्हणून माघार घेई, आणि आजवर तर्काने न जिंकलेले कित्येक वाद मी त्या नसलेल्या व्याधीच्या बळावर जिंकले.

तरीही सुकटीचा विरह असह्य होऊन मी डॉक्टरांकडून, माझा रक्तदाब मुळापासूनच उत्तम आहे, असा सहीशिक्क्यानिशी दाखला आणला. सौभाग्यवतींनी तो दोनदा वाचला, देवाजवळ ठेवला, आणि समाधानाने म्हणाल्या, "बघा, मीठ बंद केल्याबरोबर कसा ताब्यात आला!"