आमच्याकडे तर चालतंय!

भोसरीहून चाकणला दोन प्रकारचा माल जातो. एक टेम्पोतून, दुसरा ईमेलमधून. टेम्पोतला माल तळेगाव चौकात अडकतो, हे चाकणच्या कांदाबाजारातल्या हमालालाही ठाऊक आहे. ईमेलमधला कुठे अडकतो, हे मात्र आमच्यासारख्या सिम्युलेशनवाल्यांनाच माहीत, कारण आमची निम्मी नोकरी तो सोडवण्यात जाते.

हल्ली गाडी रस्त्यावर येण्याआधी वर्षभर संगणकात पळत असते. ईमेलमधला माल म्हणजे तिच्या एकेका भागाचं गणिती मॉडेल: ब्रेकचं भोसरीचा व्हेंडर देतो, बॅटरीचं जर्मनीहून येतं, एसीचं तिसराच कोणी पाठवतो. प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, आणि आपलं गणित दुसऱ्याला दाखवायला कोणीच तयार नाही. यावर तोडगा म्हणून युरोपात 2008 साली एक प्रकल्प सुरू झाला आणि डाइमलरच्या पुढाकाराने 2010 मध्ये ‘एफएमआय’ (फंक्शनल मॉक-अप इंटरफेस) नावाचं मानक आलं. 2014 मध्ये दुसरी आवृत्ती, 2022 मध्ये तिसरी. मॉडेल एका ‘एफएमयू’ फाइलमध्ये बंद करायचं आणि समोरच्याने ते आपल्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायचं. आज दोनशेहून अधिक सॉफ्टवेअर ‘आम्ही एफएमयू घेतो’ असं छातीठोकपणे सांगतात. घेतात हे खरं. पचवतात की नाही, हे वेगळं.

एफएमयू म्हणजे आडनाव बदललेली झिप फाइल. आत कुंडलीसारखी एक एक्सएमएल आणि एक डीएलएल, म्हणजे थेट चालणारा कोड. ही डीएलएल दिसली की आमच्या आयटीवाल्यांच्या अंगात येतं. 1660 साली फिरंगोजी नरसाळा यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शाहिस्तेखानापुढे जवळजवळ दोन महिने लढवला. आमचा आयटी विभाग त्याहून सहज जास्त लढवतो. मॅनेजरची सही, मॅनेजरच्या मॅनेजरची सही, व्हेंडरचं हमीपत्र. एवढं होऊन फाइल आत येते, तेव्हा कळतं की त्यात फक्त विंडोजची डीएलएल आहे आणि आमचा सर्व्हर लिनक्सचा.

दुसरी लढाई जातीची. एफएमयू मुख्यतः दोन जातींचे. ‘मॉडेल एक्स्चेंज’ हा साधा पाहुणा: समीकरणं घेऊन येतो, ती सोडवणारा सॉल्व्हर मात्र आपला, म्हणजे आपल्या घरचं पिठलं-भाकरी गोड मानून घेतो. ‘को-सिम्युलेशन’वाला स्वतःचा आचारी घेऊन येतो आणि खोलीचं दार लावून घेतो. आपण ठरवलेल्या वेळेला टकटक करायची, वाट्या आत-बाहेर द्यायच्या. मधल्या वेळात आत काय शिजतंय ते विचारायचं नाही. टकटक फार उशिरा केली तर वाटीतलं काहीच्या बाही निघतं. आमच्या ब्रेकला दर मिलिसेकंदाला टकटक हवी होती, बाकी गाडी शंभर मिलिसेकंदांवर खूष. आलेखात ब्रेकचा दाब असा नाचला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, “ईसीजी कुणाचा?”

पण सगळ्यात मोठा घोळ एककांचा. त्या एक्सएमएलमध्ये एकक लिहायची सोय आहे, सक्ती नाही. आता सक्ती नसताना आपल्याकडे कोणी हेल्मेट तरी घालतं का? एकदा बॅटरीच्या मॉडेलला तापमान हवं होतं केल्विनमध्ये, आणि आमच्या टीममधल्या एका उत्साही पोराने प्रेमाने 35 टाकलं. सेल्सिअस समजून. चाकणच्या ऐन मे महिन्यात आमची बॅटरी उणे 238 अंशांना बसली होती. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरने हूं की चूं केलं नाही. रिपोर्ट छापून निघाला, मीटिंगमध्ये फिरला, वर ‘थर्मल परफॉर्मन्स एक्सलंट’ असा शेराही मिळाला.

अशा वेळी व्हेंडरला फोन लागतो.

“सर, आमच्याकडे तर चालतंय!”

“अहो, आमच्याकडे उघडतच नाही.”

“तुमचं व्हर्जन कोणतं?”

“तुम्हीच सांगितलेलं.”

“मग बघावं लागेल, सर. उद्या पाठवतो.”

हा उद्या कोणत्या एककात मोजतात, तेही एक्सएमएलमध्ये नसतं.

हे मानक सांभाळणाऱ्या मॉडेलिका असोसिएशनने तपासणीसाठी नमुन्याचे एफएमयू फुकट ठेवलेत. त्यात एक उसळणारा चेंडू आहे. तो आमच्याकडे छान उसळतो, व्हेंडरकडेही उसळतो. मॅनेजरला डेमो द्यायचा झाला की आम्ही चेंडूच उसळवतो.

तरीही हे मानक मला आवडतं. त्याआधी एकेका जोडीसाठी वेगळा जुगाड लिहावा लागे आणि एका बाजूचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की तो मोडे. आता निदान भांडायला दोघांच्या हातात एकच कागद असतो. तेव्हा एफएमयू पाठवणाऱ्या समस्त बंधुभगिनींना हात जोडून विनंती: लिनक्सचीही फाइल टाका, एककं लिहा, एफएमपाय नावाचं फुकट साधन मिळतं त्यात एकदा स्वतः चालवून बघा, आणि कृपा करून फाइलला ‘फायनल_फायनल_2’ असं नाव देऊ नका.