चालवेल त्याची गाडी

आमच्या खाडीपट्ट्यात नवी गाडी दिसली की ‘कितीला पडली?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, ‘कुनाची?’ तुडीलच्या नाक्यावर बसणाऱ्या मंडळींना एअरबॅग, मायलेज असल्या गोष्टींत रस नसतो. ती आधी पाटी वाचतात. एमएच 06 म्हणजे पेणच्या आरटीओची, घरची गाडी. 04 ठाणे, 05 कल्याण, 47 बोरिवली, हे चाकरमानी. त्यातला कोण कुठल्या वाडीचा, कुणाचा जावई, देवाला आलाय की जमिनीच्या मोजणीला, हे गाडी पुढच्या वळणाला पोचायच्या आत ठरलेलं असतं.

अशा गावात जाऊन मी जाहीर केलं, की आपल्याकडे गाडी येणार आहे, पण ती आपली नसणार.

कल्पना भाच्याची. तो ऐरोलीला एका कंपनीत आहे आणि मालकी ही गोष्ट जुनाट झाली, असं त्याचं मत आहे. डोंबिवलीच्या आमच्या घरी येऊन त्यानं मला लीज समजावून दिलं. चार वर्षांचा करार. महिन्याला ठरलेलं भाडं. विमा त्यांचा, सर्व्हिसिंग त्यांचं, टायर झिजले तर तेही त्यांचे. मुदत भरली की किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि दुसरी नवी गाडी घ्यायची. मारुतीसारख्या कंपनीनंसुद्धा 2020 साली ही वाट धरली, म्हणजे यात काहीतरी असणारच, असा त्याचा युक्तिवाद होता.

मग त्यानं कागद घेतला. विकत घ्यायची तर आठ लाखांचं कर्ज, नऊ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता साधारण 16,600. फेड दहा लाखांना टेकते, म्हणजे जवळजवळ दोन लाख नुसतं व्याज. शिवाय दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रस्ता कर, दरवर्षी विमा, वरचेवर गॅरेज. दुसऱ्या बाजूला भाडं त्यानं धरलं महिना बावीस हजार. चार वर्षांचे साडेदहा लाख.

“पण मामा, यात सगळं आलं.”

“गाडी सोडून,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

भाच्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि घसाऱ्याचं कोष्टक काढलं. विमा कंपनी गाडीची किंमत कशी धरते पाहा, म्हणाला. सहा महिन्यांच्या आत पाच टक्के गेले, वर्षाच्या आत पंधरा, दोन वर्षांच्या आत वीस, मग तीस, चाळीस आणि पाच वर्षं भरेपर्यंत किंमत निम्मी. जी वस्तू रोज स्वस्त होतेय ती कर्ज काढून का घ्यायची? मला या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. पगारदार माणसाला कोष्टकापुढे उत्तर सुचत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्याची आठवण मी करून दिली, पण ती मलाच दुबळी वाटली.

अंतिम निर्णय मात्र आमच्याकडे डोंबिवलीत होत नाहीत. शिमग्याला गावी गेलो, पालखी दारावरून गेली, आणि दुपारी पडवीत थोरल्या काकांपुढे प्रकरण दाखल झालं.

काका तलाठी म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, सुपारी कातरली आणि विचारलं, “खंड किती?”

“भाडं, काका. बावीस हजार.”

“तेच. आणि पीक बुडालं तर सूट?”

“पीक नाही हो काका, गाडी आहे.”

“नोकरी गेली तर?”

भाच्यानं करार चाळला. मुदतीआधी गाडी परत केली तर उलट दंड होता. काकांनी मान हलवली. हा कंपनीवाला त्यांना ओळखीचा वाटायला लागला होता.

इथं वाचकाला थोडं मागे न्यायला हवं. आमचे आजोबा कूळ. कोकणात जमीन कसायची कुळानं आणि पिकातला वाटा जायचा खोताकडे. वर वेठ, आंबे, कोंबडी वेगळी. आमच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 पासून सहा वर्षं जमिनी ओसाड ठेवल्या, पण खंड दिला नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 उजाडलं. आणि मग कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 रोजी जमीन कसणाऱ्या कुळाला तिचा मानीव खरेदीदार ठरवलं. बाकीचं जग ज्या दिवशी एकमेकांना फसवतं, त्या दिवशी आमचे आजोबा मालक झाले. त्यांचा त्यावर बरेच दिवस विश्वास बसला नव्हता म्हणतात.

हे सगळं काकांच्या डोक्यात सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखं नोंदवलेलं आहे. त्यामुळे त्यांनी लीजचा विचार एकाच बाजूनं केला.

“चार वर्षं ताबा आपला. वहिवाट आपली. पेट्रोल आपलं. मग पाचव्या वर्षी कूळ म्हणून नाव लावायचा अर्ज कुणाकडे करायचा? तहसीलदाराकडे, की आरटीओकडे?”

“तसं नसतं, आजोबा,” भाचा म्हणाला. “चार वर्षांनी गाडी त्यांची.”

“आत्ता कुणाची?”

“आत्ताही त्यांचीच.”

“कायद्यात दाखव.”

ही चूक भाच्यानं करायला नको होती. निवृत्त तलाठ्याला कायदा दाखवायचा नसतो. त्यानं मोबाइलवर मोटार वाहन कायदा, 1988 उघडला आणि दुसऱ्या कलमातली व्याख्या वाचायला सुरुवात केली. मालक म्हणजे ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे तो. इथपर्यंत त्याचा आवाज ठणठणीत होता. पुढे तो हळू झाला. कारण पुढे असं आहे की वाहन भाडेखरेदीवर, लीजवर किंवा बँकेकडे तारण असेल, तर त्या कराराखाली ज्याच्या ताब्यात ते आहे, तो मालक.

पडवीत शांतता पसरली. काकांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“म्हंजे चालवेल त्याची गाडी.”

भाच्यानं जीव तोडून सांगितलं की ही व्याख्या त्या कायद्यापुरती. चलान फाडलं, अपघात झाला, तर जबाबदार कोण, हे ठरवायला. म्हणून गाडी काही आपल्या मालमत्तेत येत नाही, आपल्याला ती विकता येत नाही. काकांनी हेही समजून घेतलं, आणि मला तर वाटतं भाच्यापेक्षा चांगलं समजून घेतलं.

“म्हंजे दंड भरायला आपण मालक, आणि विकायला ते. आमच्या खोताला हे सुचलं नाही, नाहीतर आजून टिकला असता.”

यानंतर काकूंनी गाडी परत करायच्या अटी ऐकायला मागितल्या, आणि खरी पंचाईत तिथं झाली. मुदत संपल्यावर कंपनीचा माणूस गाडी तपासतो. नेहमीच्या वापरानं झालेली झीज माफ. त्यापलीकडचं नुकसान आपल्या खात्यावर. आता नेहमीचा वापर म्हणजे काय, हे शहरात बसून ठरवलेलं असतं. आमच्याकडे गाडी उभी करायची जागा फणसाखाली. दुसरी जागा आंब्याखाली, तिथं चीक पडून रंग उडतो. तिसरी माडाखाली, तिचा विचार न केलेला बरा. फणस टपावर पडला, तर ती झीज की नुकसान? कापा असला तर एक आणि बरका असला तर दुसरं, असं काही आहे का? माकडांची टोळी बॉनेटवर बसून आरशात तोंड बघते आणि जाताना आरसा वाकवून जाते. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला उंदीर येतो आणि वायर खातो. घराकडे वळणाऱ्या वाटेला दोन्ही बाजूंनी करवंदीची जाळी आहे. तिथून गेलेल्या प्रत्येक गाडीच्या अंगावर ओरखड्यांची सही असते. कंपनीच्या अर्जात या कशालाच रकाना नव्हता. काकूंनी आणखी एक शंका काढली. नव्या गाडीपुढे नारळ आपण फोडायचा, पण गुरवानं गाऱ्हाणं घालताना नाव कुणाचं घ्यायचं? कंपनीचं पूर्ण नाव भाच्यानं वाचून दाखवलं. ते शेवटी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असं होतं. काकू म्हणाल्या, देव दमेल.

पाण्याचा विषय मात्र कुणी थट्टेवारी नेला नाही. 22 जुलै 2021 ला सावित्रीनं महाड बुडवलं, त्याच दिवशी तळियेवर दरड आली. तो दिवस इथं कुणी विनोदात घेत नाही. पुढचे कित्येक दिवस चिखलातून ओढून काढलेल्या गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. पाण्यातून निघालेल्या गाडीची किल्ली फिरवायची नाही, हे तेव्हा पुष्कळांना कळलं. चालू होतेय का बघू म्हणून फिरवली की इंजिनात पाणी ओढलं जातं, दट्टे अडकतात, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर विमा कंपनी त्याचे पैसे देत नाही. भाड्याच्या गाडीचं त्यातल्या त्यात बरं. आपण फक्त फोन करायचा. पुरात फोन लागत नाही, हा भाग वेगळा.

लीजच्या बाजूनं बोलला तो एकच माणूस, कुवेतहून परतलेले चाचा. खाडीपट्ट्यातली कितीतरी घरं आखाताच्या पैशावर उभी आहेत, तशातलंच त्यांचं. “तिकडे तीस वरसं काढली,” ते म्हणाले, “घर भाड्याचं, गाडी भाड्याची, पंखासुद्धा मालकाचा. डोक्याला ताप नाय. आपलं एकच, परत यायचं तिकीट.” मग जरा थांबून त्यांनी सांगितलं की इकडे आल्यावर पहिली गोष्ट केली ती रोख पैसे देऊन जीप घेतली. साक्षीदार फुटला.

पण लीजचा खरा फायदा मला त्या रात्री झोपताना सुचला, आणि तो भाच्याच्या कागदावर नव्हता. गाडी कंपनीची असली की तिच्यात हिस्सेदार नसतात. आमच्या घरामागच्या अर्ध्या गुंठ्याच्या सातबाऱ्यावर इतकी नावं आहेत की ती वाचेपर्यंत चहा निवतो. त्यातली काही माणसं वारली, काही मुंबईला आहेत, दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही, आणि त्या अर्ध्या गुंठ्यात आजवर एक शेवगा सोडून काही उगवलेलं नाही. गाडी घेतली की तीही याच वाटेनं जाणार. कंपनीला निदान भाऊबंद नाहीत.

सकाळी हे बोलून दाखवलं, तर चुलतभावानं शांतपणे विचारलं, “सामाईक घेतली तर?” काकांनी पुन्हा कायदा मागवला. तेही त्यात निघालं, कलम 41. वाहन अनेकांच्या मालकीचं असेल तर सगळ्यांच्या वतीनं एकानं अर्ज करायचा, आणि मग तो एकटाच मालक मानला जातो. सातबाऱ्यावर नावं मावत नाहीत, आरसी बुकात एकच मावतं. मला तो कायदा करणारा माणूस कोकणातला वाटला.

गाडी विकत घेतली. नाव माझं, बोजा बँकेचा, पाटी एमएच 05.

आमच्या सोसायटीत गाडी उभी करायला जागा नाही, हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. कोष्टकात ते कुठल्या ओळीत बसवायचं हे कळलं नव्हतं, एवढंच. म्हणून गाडी तुडीलला असते. चुलतभाऊ तिच्यातून पोरांना शाळेत सोडतो, आत्याला महाडच्या डॉक्टरांकडे नेतो, लग्नाच्या दिवसांत वऱ्हाड पोचवतो. नाक्यावर आता तिला त्याची गाडी म्हणतात. गेल्या महिन्यात त्यानं माझ्यासाठी मुंबईच्या एसटीत एक गोणी तांदूळ, आमसुलं आणि सुकट चढवून दिली, आणि फोनवर म्हणाला, “दादा, तुमच्या गाडीचे म्हणून.”

हप्ता 16,600 चा आहे, आणि बँकेला सुकट चालत नाही. पण मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांना काळजी वाटली ती वेगळीच.

“खंड घेतलास? पावती दिलीस का रे त्याला?”

“नाही.”

“देऊ नको. आणि अकरा महिन्यांचा कागद करून घे.”