सैन्य पोटावर नव्हे, पाटावर चालतं

वॉरहॅमर म्हणजे टेबलावर चिमुकले सैनिक मांडून लढायचा खेळ; इंग्लंडातल्या त्याच्या स्पर्धांत हा गृहस्थ हमखास भेटतो. बाकीचे खेळाडू आपापल्या सैन्याची पेटी खांद्याला लटकवून येतात. हा दार पाठीनं ढकलत, उलट्या पावली आत शिरतो. कारण दोन्ही हातांत भलामोठा पाट, आणि पाटावर डोंगर, दलदल, पडकं देऊळ. "जपून, झाडं अजून ओली आहेत!" हे पहिलं वाक्य. रामराम मागाहून.

दोन डावांच्या मधल्या वेळात सैन्य दिमाखात मांडून ठेवायचं, या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचं आणि जमलं तर रंगकामाचं बक्षीस मारायचं, एवढंच खरं तर या पाटाचं काम. पण पंचाईत अशी, की हा खेळ चालवणारी नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप कंपनी सैनिकांची गुणकिंमत वरचेवर बदलते. २००० गुणांच्या फौजेत काल मावणारी तुकडी आज मावत नाही. मग पाटावर तिची जागा रिकामी, बोळकं झाल्यासारखी. त्यावर यानं काढलेला तोडगा म्हणजे लवचीक पाट.

लवचीक म्हणजे कसा? खाली लोखंडी पत्रा. वर फोमचे सुटे तुकडे, त्यांच्या पोटात चुंबक. हवे तसे फिरवा, डोंगर डावीकडचा उजवीकडे. सैनिकाच्या पायाखालची चकती ३२ मिलिमीटरची, म्हणून खळगेही नेमके तेवढेच. सैनिक गैरहजर असला तर खळगा बुजवायला बूच. बुचावर गवत. बुचं ठेवायला डबा, डब्यावर यादी, यादीची एक प्रत पाकिटात. एकदा एका चुंबकाचं तोंड उलटं बसलं आणि जवळ आणले की दोन डोंगर भाऊबंदकी असल्यासारखे एकमेकांना ढकलू लागले. यानं डोंगर फोडला नाही; मध्ये नदी काढली.

गवत हा स्वतंत्र विषय आहे. आपण दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरतो नि मोकळे होतो. महाराज बुरुजापेक्षा उंच असले तरी कुणाची तक्रार नसते. याचं गवत नायलॉनचं, आणि ते ताठ उभं राहावं म्हणून स्थिर विजेचं यंत्र. महाराज आणि बुरूज पाहून यानं आधी हात जोडले असते, मग फुटपट्टी काढली असती.

हे सगळं चालतं जेवणाच्या टेबलावर. टेबल कधी मोकळं होणार, असं बायकोनं विचारलं की हा इतिहासात शिरतो. प्रशियाच्या राजाला रायस्वित्झ नावाच्या गृहस्थाचा युद्धाचा खेळ पाहायचा होता. खेळ होता वाळूवरचा. राजाला वाळू काय दाखवायची, म्हणून त्यानं खणांचं लाकडी टेबल आणि मांडता-मोडता येणाऱ्या भूभागाच्या फरशा घडवल्या आणि १८१२ मध्ये नजर केल्या. तोवर राजा थांबला होता. "राजासुद्धा थांबला!" हा बोट उंचावून सांगतो. "त्याच्याकडे जेवायला दुसरं टेबल होतं," बायको म्हणते. या मुद्द्याला त्याच्याकडे अद्याप उत्तर नाही.

आणि सैन्य? मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. पाटावर खळगे जास्त झाले, म्हणून यानं आणखी सैनिक आणले. ते थोडे उरले, म्हणून पाटाला नवा तुकडा जोडला. त्या तुकड्यात पुन्हा खळगे जास्त. या हिशेबात रंगवायला सवड कुठली? लढाईपुरते राखाडी प्लॅस्टिकचे बिनरंगी शिपाई बिस्किटांच्या डब्यातून निघतात, मरतात आणि डब्यात परत जातात. रंग लागल्याशिवाय पाटावर पाऊल ठेवायचं नाही, ही शिस्त.

परीक्षक पाटाभोवती फिरतात. वाकून दलदल बघतात, देवळावरचं शेवाळ बघतात, मान डोलावतात. मग एकजण चष्मा वर सरकवून हळूच विचारतो, "फारच सुरेख. पण सैन्य कुठाय?"

"दबा धरून बसलंय," हा म्हणतो.