इंधनदरवाढीत संसार कसा चालवावा : कळंबोलीकरांसाठी मार्गदर्शिका

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जेथून सुरू होतो, शीव-पनवेल महामार्ग जेथे येऊन मिळतो, न्हावाशेवा बंदराकडे जाणारे ट्रेलर जेथे वळण घेतात आणि लोखंड-पोलाद बाजारातील मालमोटारी जेथे अहोरात्र धूळ व धूर यांची समसमान वाटणी करीत असतात, अशा कळंबोली नामक वसाहतीत ज्या गृहस्थाने सदनिका घेतली, त्याने खनिज तेलाशी आपला जन्माचा ऋणानुबंध जोडून घेतला आहे; मात्र खरेदीखतावर सही करतेवेळी ही गोष्ट त्याला कोणीही सांगत नाही. पुढे पेट्रोलपंपावरचा आकडा वाढू लागला की तो भांबावतो, आणि या भांबावलेल्या अवस्थेत रिक्षावाल्याशी, भाजीवाल्याशी व अखेरीस स्वतःच्या कुटुंबाशी भांडतो. या विषयावर कोणत्याही कचेरीतून आजवर परिपत्रक निघालेले नसल्यामुळे, ती उणीव भरून काढण्याच्या लोकहितैषी बुद्धीने पुढील कलमे सिद्ध केली आहेत. ती क्रमाने वाचावीत व दप्तरी जतन करावीत.

कलम पहिले : दर केव्हा व कोणत्या वृत्तीने वाचावा

पेट्रोलचा दर सरकारी नियंत्रणातून जून २०१० मध्ये मुक्त झाला व डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये. आणि १६ जून २०१७ पासून तर हे दोन्ही दर दररोज सकाळी सहा वाजता बदलण्याची पद्धत देशभर सुरू झाली. पूर्वी दरवाढ ही एक घटना असे. तिची कुणकुण लागताच मध्यरात्रीपूर्वी पंपावर रांगा लागत, आणि अर्धी टाकी भरून घेतलेला मनुष्य काही दिवस तरी स्वतःला धोरणी समजत असे. हे निरुपद्रवी सुख आता उरलेले नाही. म्हणून अभ्यासकाने सकाळी सहाला दर पाहण्याची सवय मोडावी, कारण तेवढ्या पहाटे मनुष्याचे मन कोमल असते.

तथापि नित्य बदलणारा हा दर निवडणुकीच्या मोसमात एकाएकी समाधिस्थ होतो, ही बाब ध्यानात असू द्यावी. नोव्हेंबर २०२१ च्या प्रारंभी समाधिस्थ झालेला दर पाच राज्यांच्या निवडणुका व त्यांचे निकाल यथासांग पार पडेपर्यंत १३७ दिवस हलला नाही. आणि २२ मार्च २०२२ रोजी डोळे उघडताच त्याने सोळा दिवसांत चौदा वेळा चढून लिटरमागे दहा रुपयांची मजल मारली. ही वाढ बहुतेक दिवशी सुमारे ऐंशी पैशांच्या मात्रेने, म्हणजे होमिओपॅथीच्या गोळीप्रमाणे, देण्यात आली. त्यामुळे कोणत्याही एका सकाळी संतापण्याइतके कारण कोणालाच सापडले नाही, आणि ६ एप्रिलला मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैसे व डिझेल १०४ रुपये ७७ पैसे झाले तेव्हा संतापाची मुदत टळून गेली होती. यावरून बोध असा की, संतापावयाचे असल्यास पहिल्याच ऐंशी पैशांना संतापून घ्यावे.

कलम दुसरे : आपण कोणत्या हद्दीत राहतो याची खातरजमा

कळंबोलीकर आपल्या पत्त्यात ‘नवी मुंबई’ लिहितो. त्याची जमीन सिडकोने आखलेली आहे. त्याचा तालुका पनवेल व जिल्हा रायगड. १ ऑक्टोबर २०१६ पासून त्याची नगरपालनसंस्था पनवेल महानगरपालिका. आणि त्याच्या वाहनाच्या पाटीवर एमएच-४६ अशी मुद्रा. इतक्या हद्दींत एकाच वेळी वास करणारा मनुष्य कोणत्याही एका हद्दीतील सवलतीस पात्र ठरेल, अशी स्वाभाविक अपेक्षा असते. जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे व नवी मुंबई महापालिकांच्या क्षेत्रांत डिझेलवरील कर २४ वरून २१ टक्के व पेट्रोलवरील २६ वरून २५ टक्के करण्याची घोषणा झाली, तेव्हा ‘नवी मुंबई’ हे शब्द वाचून येथील अनेक सज्जनांनी आनंद मानला. परंतु ही कपात त्या महापालिकेच्या हद्दीपुरती होती आणि आपण त्या हद्दीबाहेर, म्हणजे पूर्वीपासूनच त्या कमी दराच्या मुलखात मोडत होतो. जी सवलत आपणांस आधीपासूनच मिळत होती, ती इतरांना मिळाल्याचा आनंद आपण साजरा केला. असा निरपेक्ष आनंद फार थोड्या वसाहतींच्या वाट्याला येतो.

कलम तिसरे : टाकी भरण्याची शास्त्रोक्त रीत

दुचाकीधारकांचा एक प्राचीन संप्रदाय असे मानतो की, पेट्रोल कितीही महाग होवो, आपण नेहमी शंभराचेच टाकत असल्यामुळे आपल्याला त्याची झळ पोहोचत नाही. या सिद्धांताचे खंडन करणे सोपे नाही, कारण त्याच्या अनुयायांचा खर्च खरोखरच स्थिर असतो. फक्त त्यांची दुचाकी उत्तरोत्तर अलीकडे थांबते. जून २०१० च्या अखेरीस पंचावन्न-छप्पन्न रुपयांच्या भावाने शंभरात पावणेदोन लिटरांहून अधिक पेट्रोल येत असे. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडल्यापासून त्याच नोटेत एक लिटरही येईनासे झाले. ही तफावत पायी चालून भरून काढावी लागते. आणि चालणे आरोग्यास हितावह असल्याने संप्रदायाचे लोक तिलाही लाभाच्या बाजूस मांडतात.

पंपावरचा मुलगा ‘काका, शून्य बघून घ्या’ म्हणेल, तेव्हा ते शून्य अवश्य बघावे. संपूर्ण व्यवहारात डोळ्यांना सुखावणारा तेवढाच एक आकडा आहे, आणि तो क्षणभरच टिकतो. त्यानंतर रुपयांचा रकाना धावू लागतो व लिटरांचा रकाना त्याच्या मागून, पाय दुखत असल्यासारखा, येतो. या वेळी दृष्टी दूरवरच्या उड्डाणपुलावर स्थिर ठेवावी. नळी काढताना ती दोनदा झटकून घेण्याचा जो रिवाज आहे तो मात्र सोडू नये. त्याने मिळणारे थेंब मोजण्याइतके नसले तरी हक्काचे असतात.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते व त्यामुळे गाडी लिटरमागे थोडी कमी धावते, अशी तक्रार कोणी केल्यास, त्या इथेनॉलात आपल्याच सांगली-कोल्हापूरकडील उसाचाही वाटा आहे हे त्याला सांगावे. त्याने ॲव्हरेज वाढत नाही, पण तक्रारीला प्रादेशिक अभिमानाची किनार लागते.

कलम चौथे : प्रवासाचे पर्याय

कळंबोलीचा नोकरदार सकाळी हार्बर मार्गावरील खांदेश्वर किंवा मानसरोवर स्थानकाकडे निघतो. ‘खांदेश्वर, एक सीट, एक सीट!’ हा पुकारा ऐकून तो धावत जातो, तेव्हा ती एक सीट म्हणजे चालकाच्या शेजारची अर्धी सीट आहे असे त्याच्या ध्यानी येते. दरवाढीच्या काळात या अर्ध्या सीटचे महत्त्व वाढते. ‘साहेब, पेट्रोल एकशेवीस झालं’ असे चालक सांगतो, त्या वेळी त्याची रिक्षा सीएनजीवर चालते हा मुद्दा उपस्थित करू नये. कारण सीएनजीची हकीकत त्याहून करुण आहे. राज्य सरकारने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरील मूल्यवर्धित कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्के केला व मुंबई परिसरात किलोचा दर साठ रुपयांवर उतरला. पंधरवडा उलटण्यापूर्वी तो बहात्तरावर गेला होता. उतरत्या दराचे भाडे ठरविण्यास चालकाला सवडच मिळाली नाही, यात त्याचा दोष मानता येत नाही.

स्वतःची मोटार असणाऱ्याने पुण्याच्या दिशेस जाताना, आपण द्रुतगती मार्गाच्या मुखाशीच राहतो, सबब आपला खर्च कमी, असे अनुमान काढू नये. त्या मार्गाचा मोटारीचा टोल १ एप्रिल २०२३ पासून २७० वरून ३२० रुपये झाला आहे. मुंबईच्या दिशेस अटल सेतूने इंधन व वेळ दोन्ही वाचतात, आणि एका खेपेच्या अडीचशे रुपयांच्या टोलात त्या बचतीचा रीतसर भरणा होतो. दुचाकीधारकास या दोन्ही मार्गांवर मज्जाव असल्याने त्याचे दोन्ही टोल वाचतात. ही बचत त्याने दरमहा जमेच्या बाजूस मांडून पाहावी, म्हणजे आपण किती सधन आहोत याची त्याला कल्पना येईल.

बैलगाडीचा पर्याय काही विचारवंत सुचवितात. त्याला पूर्वाधार आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये, अरब राष्ट्रांच्या तेलबंदीनंतर पेट्रोल महागले असता, अटलबिहारी वाजपेयी निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले होते. परंतु संसदेच्या आवारात बैल उभे करण्याची सोय होऊ शकते. कळंबोली सर्कलवर चाळीस टनांच्या ट्रेलरपुढे सिग्नल सुटण्याची वाट पाहत बैल उभे करणे निराळे. शिवाय कडबाही मालमोटारीनेच येतो.

कलम पाचवे : भाजी व तिचे डिझेल

‘आमच्याकडे गाडीच नाही, आम्हांला काय त्याचे’ असे म्हणणाऱ्या कुटुंबाने हे कलम मोठ्याने वाचावे. जुन्नर-मंचरकडची भाजी रात्री घाट उतरते, कळंबोलीवरून, किंबहुना आपण झोपलेल्या खोलीपासून हाकेच्या अंतरावरून, वाशीच्या बाजार समितीत जाते. तेथे तिचा लिलाव, तोलाई, हमाली होते. आणि पहाटे टेंपोत बसून तीच भाजी उलट्या दिशेने कळंबोलीच्या सेक्टरांत परत येते. म्हणजे जी मेथी रात्री फुकट आपल्या दारावरून गेली, तिच्या जाण्याचे व येण्याचे असे दुहेरी डिझेल आपण सकाळी भरतो. भाजीवालीने जुडीमागे पाच रुपये वाढविले म्हणून तिच्याशी हुज्जत घालणाऱ्याने, रात्री महामार्गावर उभे राहून टेंपो अडविता येतो काय, याचा विचार करावा. न आल्यास मुकाट्याने पाच रुपये द्यावेत.

हाच न्याय दुधाच्या पिशवीला, मुलांच्या शाळेच्या व्हॅनला, वाण्याच्या तेलाच्या डब्याला आणि सोसायटीच्या जनित्राला लागू आहे. इंधनावर चढलेला रुपया या सर्व मुक्कामांवर थोडा थोडा वसूल होत होत शेवटी स्वयंपाकघरात येतो, आणि तेथून त्याला पुढे ढकलायला कोणीच उरत नाही.

कलम सहावे : गॅसचे पंचांग

घरगुती गॅसच्या बाबतीत गृहिणीने दिनदर्शिका हाताशी ठेवावी. मुंबईत १४.२ किलोचे सिलिंडर मार्च २०२३ मध्ये १,१०२ रुपये ५० पैशांवर पोहोचले होते. त्यावर दोनशे रुपयांची कपात त्याच वर्षीच्या राखीपौर्णिमेस झाली आणि शंभर रुपयांची कपात मार्च २०२४ मध्ये जागतिक महिला दिनी. तेव्हा दर उतरण्यास शुभ तिथी लागते हे उघड आहे. एप्रिल २०२५ मध्ये पन्नास रुपये वाढले तेव्हा मात्र कोणत्याही सणाचे निमित्त पुढे करण्यात आले नाही. यावरून चढत्या दरास मुहूर्त लागत नाही, हा शास्त्रार्थ सिद्ध होतो.

कलम सातवे : दर उतरण्याची प्रतीक्षा कशी करावी

करू नये. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगाची चाके थांबली व कच्चे तेल मातीमोल झाले, इतके की अमेरिकेच्या वायदेबाजारात त्याचा भाव एक दिवस शून्याखाली गेला. आपल्याकडे मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे दहा व डिझेलवर तेरा रुपये जादा शुल्क बसविले, आणि पंपावरचा आकडा होता तेथेच राहिला. तेल महागले की दर जागतिक असतो व स्वस्त झाले की तो राष्ट्रीय होतो, हे तत्त्व एकदा अंगी बाणले म्हणजे चित्तास शांती लाभते. मे २०२२ मध्ये केंद्राने व जुलैमध्ये राज्याने कर घटविल्यावर मुंबईचे पेट्रोल १०६ रुपये ३१ पैशांवर आले, हे खरे. परंतु एकशेवीसच्या काळात वाढलेली व्हॅनची फी, वड्याची किंमत व टेंपोचे भाडे यांना ही वार्ता अद्याप कळलेली दिसत नाही.

उपसंहार

सुज्ञ वाचकाच्या ध्यानी आले असेल की, वरील कलमांनी एक पैसाही वाचत नाही. घरात पंखा एक घर कमी फिरवून, वरणात पाणी वाढवून किंवा रिक्षावाल्याशी दोन रुपयांसाठी भांडून जे वाचते ते त्याच महिन्यात भाजीच्या पिशवीतून निघून जाते, कारण दरवाढ एका घरातून ढकलली तर शेजारच्या घरात जाते, वसाहतीबाहेर जात नाही. यात जिंकतो असा कोणी कळंबोलीकर नाही; रिक्षावालाही नाही आणि भाजीवालीही नाही.

या सगळ्या जमाखर्चात सकाळी सहाला न बदलणारी एकच रक्कम आहे, ती विजेवर चालणाऱ्या उपनगरी गाडीच्या पासाची. उणीव आहे ती घरापासून त्या गाडीपर्यंतच्या वाटेची : ठरल्या वेळी सुटणारी व रात्रीच्या शेवटच्या गाडीला थांबणारी बस आणि मालमोटारींनी न अडविलेला पदपथ. म्हणून शेवटची सूचना गंभीरपणे करीत आहे. यापुढे मत मागावयास जो कोणी दारी येईल त्याला पेट्रोलचा भाव विचारू नका, तो त्याच्या हाती नाही. आपल्या सेक्टरातून स्थानकाला जाणारी बस किती मिनिटांनी सुटेल ते विचारा, आणि उत्तर कागदावर लिहून घ्या.